दोन कॅमेरे आणि एक माग

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी एका सिनेमासाठी कॅमेरा निवडत होते. सिनेमा जग संपल्यानंतरचा. पाणी आटलंय, शहरं ओस पडलीत आणि उरलेली माणसं एका टाकीसाठी एकमेकांच्या जिवावर उठलीत. चित्रीकरण सोलापुरात व्हायचं होतं. मी सोलापूरची, त्यातून सिनेमाची छायाचित्रकार, त्यामुळे जागा आणि कॅमेरा दोन्ही माझ्याच गळ्यात पडलं.

कॅमेऱ्यावरून माझी आणि दिग्दर्शकाची जुंपली होती. त्याला छोटा हवा होता. “एका हातात धरून नटामागे पळता येतं. मारामारी आहे, समई नाही शूट करायची,” तो म्हणायचा. मला मोठा हवा होता. पत्र्याच्या भोकातून येणारं पांढरंफटक ऊन आणि कोपऱ्यातला काळोख तो एकाच चौकटीत पेलायचा. शिवाय छोटा झपकन फिरवला की उभे खांब तिरके दिसायचे. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, “दोन्ही मागवतो. एकाच जागी, एकाच वेळी चाचणी घे. दाखव मला.”

जागा मला लगेच सुचली. आमच्या लहानपणीच्या गल्लीत शेजारच्या मामांचा चादरींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि आठ यंत्रमाग. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. मामा घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठी. आता सहा माग मोडीत गेले होते, दोनच उरले होते. मी फोन केला तर म्हणाले, “विचारतीस काय? तुझाच कारखाना हाय की.”

आम्ही गाड्या घेऊन पोचलो तेव्हा दारात मामी उभ्या होत्या. “रा, रा,” असं तेलुगूत ‘ये, ये’ म्हणत त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. आणि मी बघतच राहिले. मामांनी शेड धुऊन काढली होती. जाळी झाडली होती, भिंतीला चुना लावला होता. आपल्या कारखान्याचा सिनेमा निघणार म्हणून दोघं म्हातारी तीन दिवस राबली होती. मला तर धूळ हवी होती. तसं सांगताना माझी जीभ अडखळली, पण मामा हसले. “टाका की मग. शूटिंग झाल्यावर परत झाडू.”

मग त्यांनी मला दुसऱ्या मागाजवळ नेलं. त्यावर जाड प्लास्टिक घालून चारही बाजूंनी सुतळीनं बांधलं होतं.

“ह्याला तेवढं काय लागू देऊ नको,” ते म्हणाले. “ताणा भरलाय. नातीच्या लग्नात द्यायच्या चादरी. ह्यानंतर मी माग बंदच करणार हाय.”

“नाही लागू देत, मामा.”

पहिला माग रिकामाच चालवायचा ठरलं. त्याची फणी इतक्या वेगानं मागेपुढे होते की वेगात कुठला कॅमेरा फसतो ते लगेच कळणार होतं. दोन्ही कॅमेरे शेजारी लावले. मुलतानी मातीची पोती फोडली, मोठा ब्लोअर दाराशी ठेवला. मी मोठ्या कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीच्या बरोबर मध्ये, मागच्या बाजूला, ते प्लास्टिक उन्हात आरशासारखं चमकत होतं. त्या चकाकीनं आख्खा काळोख मारून टाकला होता. अशा चौकटीत दोन्ही कॅमेरे सारखेच दिसले असते, आणि मी हरले असते.

कॅमेरा हातभर सरकवता आला असता. काळं कापड मागवता आलं असतं. पण मामा मोटारीच्या बटणाशी होते, बाकीचे ब्लोअरपाशी, आणि मला ते प्लास्टिक काढलं तर काय दिसेल ते दिसत होतं. मी गेले, चार गाठी सोडल्या, प्लास्टिक ओढून मागाखाली टाकलं. खाली लाल आणि हिरव्या उभ्या सुताचा ताणा होता, एकेक तार मोजून घ्यावी असा. मी तो पाहिला. मग परत येऊन म्हणाले, “चालू करा.”

माग धडधडू लागला. मातीचा लोट शेडभर पसरला, आणि मोठ्या कॅमेऱ्यात उन्हाच्या तिरिपी अशा उतरल्या की माझ्या अंगावर काटा आला.

धूळ बसायच्या आतच मामा त्या मागाकडे गेले. खाली वाकले. प्लास्टिक उचललं.

“हे कसं निघालं?”

“ब्लोअरचा वारा लागला असेल, मामा,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. सुतावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि खांद्यावरच्या पंच्याला पुसलं. आम्हाला सामान भरायला मदत केली.

आठवड्यानं पुण्यात मोठ्या पडद्यावर दोन्ही चाचण्या लागल्या. छोट्या कॅमेऱ्यात मागाची फणी वाकडी दिसत होती आणि ऊन फाटून नुसता पांढरा डाग उरला होता. मोठ्यात धुळीचा कण न् कण वेगळा दिसत होता, मागे लाल-हिरवं सूत निखाऱ्यासारखं पेटलं होतं. मी ‘कट’ म्हणायला उशीर केला होता. शेवटी चौकटीत मामा आले, वाकले, आणि त्यांनी वर बघितलं. छोट्यात ती नुसती काळी आकृती होती. मोठ्यात त्यांचा चेहरा होता.

“काळोखात बघ कसं दिसतंय,” दिग्दर्शक म्हणाला. “सुरकुत्यासुद्धा! बरोबर होतीस तू. मोठाच घेऊ.”

सगळ्यांनी तो चेहरा थांबवून, मोठा करून पाहिला. मीही पाहिला. मला बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं, आणि कोणी विचारलं तेव्हा मी एसीचं निमित्त सांगितलं.

पुढे चित्रीकरणात तो मोठा कॅमेरा सोलापूरच्या उन्हात दुपारी तापून बंद पडायचा. निम्मीअधिक मारामारी आम्ही छोट्यावरच केली. खांब तिरके दिसले, पण एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नाही.

दरम्यान मामींचा फोन आला होता. खळ दिलेल्या सुतात माती गेली होती. झटकली की तारा तुटत होत्या. मामांनी चार दिवस एकेक तार पुसली आणि पाचव्या दिवशी ताणा कापून काढला. “जाऊ दे, वारंच तसलं,” मामी म्हणाल्या. लग्नात चादरी नवी पेठेतल्या दुकानातून विकत आणून दिल्या. मला पत्रिका होती. मी कामाचं कारण काढून गेले नाही.

दीड वर्षानं गेले. सिनेमा येऊन गेला होता. मामा ओट्यावर बसले होते. मामी आत चहा ठेवत होत्या. मी वाट बघत बसले असते तर पुन्हा गप्प राहिले असते, म्हणून चप्पल काढता काढताच बोलले.

“मामा, ते प्लास्टिक वाऱ्यानं नाही गेलं. मी काढलं होतं.”

“व्हय,” मामा म्हणाले. “चार गाठी मारल्या होत्या मी. वाऱ्याला काय गाठी सोडता येतेत?”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू खोटं बोललीस तवाच मला कळलं, आपलं चुकलं हे तुलाबी म्हाईत हाय म्हणून. आणि काय बोलायचं?” मग ते हळू म्हणाले, “हिला नव्हतं सांगितलं. हिचा लई जीव तुझ्यावर.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. दार उघडंच होतं. मामींनी सगळं ऐकलं होतं.

मामी चहा घेऊन बाहेर आल्या नाहीत. चहा शेवटी मामांनी आत जाऊन आणला. एका हातात माझा कप, एका हातात त्यांचा. मी आत जायला उठले तर त्यांनी मान हलवून मला खाली बसवलं. “आज नको,” म्हणाले. “पुढच्या येळेला ये.”

मी त्यानंतर तीनदा गेले आहे. मामी जेवायला वाढतात, माझ्या आईची तब्येत विचारतात. हाताला धरून आत मात्र नेत नाहीत.