मांजर कोंडलं हाय

माझी दाढ काढली त्याच दिवशी नणंदेला पाहायला वांकिडीचे पाहुणे येणार होते. दुपारी बोथ गावच्या दवाखान्यातून आले, दुखण्याची गोळी घेतली आणि भजी तळायला बसले. थोड्या वेळात ओठ जड झाला. आरशात पाहिलं तर दोन्ही ओठ टम्म फुगलेले, डोळे मिटत चाललेले, गळ्यावर लाल गांधी उठलेल्या.

सासूबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "आजच व्हाचं होतं का हे? पाव्हणे म्हनतील, घरात काही रोग हाय."

"दवाखान्यात नेता का?" मी नवऱ्याला म्हटलं. "गोळीनं झालं हे."

तो नवा शर्ट घालत होता. "दाढ काढली की सुजतेच. पाव्हणे जाऊ दे, मंग नेतो."

मला धान्याच्या खोलीत बसवून सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. सून माहेरी गेली, असं पाहुण्यांना सांगितलं. मी ज्वारीच्या पोत्यावर बसून सगळं ऐकत होते. भज्यांचं कौतुक झालं. ती नणंदेनं केली, असं सासूबाईंनी सांगितलं. तोवर माझी जीभ जाड झाली, थुंकी गिळवेना, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी दार बडवलं.

बाहेर बोलणं थांबलं. "मांजर कोंडलं हाय," सासूबाई म्हणाल्या. नवरा हसला. त्याचं हसणं मी ओळखते.

नणंद पाणी आणायच्या निमित्तानं आली. दार फटीएवढं उघडून तिनं माझं तोंड पाहिलं. "वहिनी, आवाज नका करू ना. माझं जमून राह्यलं." तिनं पुन्हा कडी घातली.

मी परत दार बडवलं. या वेळी कडी काढली ती पाहुण्यांतल्या मुलाच्या आईनं. माझ्याकडे बघून ती बाई मागे वळली आणि सासूबाईंना म्हणाली, "हे मांजर हाय?" मग तिनंच मला धरून त्यांच्या जीपमध्ये बसवलं.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. एवढा उशीर का केला, असं नर्सनं तेलुगूत विचारलं. उत्तर त्या बाईनं दिलं, सुजलेल्या जिभेनं मला बोलता येत नव्हतं.

पाहुण्यांनी मुलगी नाकारली. संध्याकाळी नवरा आला, खाटेजवळ उभा राहिला. नळीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"त्या बाईले काय सांगतलं तू?"

मी जिभेकडे बोट दाखवलं. त्यानं तेच परत विचारलं.