अस्लाक म्हणाला, सगळं ठीक आहे

आमच्या खोऱ्यात माणसाची पारख त्याच्या लाकडाच्या राशीवरून होते. अस्लाकची रास बघायला नॉर्वेभरचे पाहुणे गाडी हळू करत. वय अठ्ठ्याहत्तर, एकटा, मोडेन पण वाकणार नाही असा गडी. लेकीने हट्टाने त्याच्या मनगटाला फोनशी जोडलेलं घड्याळ बांधलं. पडलात तर आपोआप मदत बोलावेल म्हणे. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला, कारण रुग्णवाहिकेच्या केंद्रात फोन घेणारी मी.

एप्रिल म्हणजे लाकूड फोडायचा महिना. कुऱ्हाड जोरात बसली की घड्याळाला वाटे, म्हातारा आपटला. ते विचारी, ‘ठीक आहात ना?’ म्हातारा कानटोपी घालून ओंडक्यावर दम खात बसलेला, त्याला कुठलं ऐकू जायला? मिनिटभराने फोन माझ्याकडे. तीन आठवड्यांत नऊ वेळा.

‘अस्लाक, पुन्हा तुम्हीच?’

‘माफ कर, पोरी. सगळं ठीक आहे. ही मेली कुऱ्हाड. तुम्हाला फुकटचा त्रास. आता लाकूड फोडताना हे काढूनच ठेवतो.’

माझं डोकं फिरलं. ‘वा, म्हणजे पाऊस आला की छत्री मिटायची. शंभरदा चुकून वाजू दे. मी पगार कशाचा घेते?’

‘फार बोलतेस तू,’ तो म्हणाला. पण घड्याळ काढलं नाही.

दहावा फोन सोमवारी सकाळी अकराला आला. ‘माफ कर, पोरी. सगळं ठीक आहे,’ एवढं म्हणून त्याने ठेवूनही दिला. खरं सांगते, मी दुसऱ्या कामाकडे वळलेच होते. पण आज कुऱ्हाडीला शिवी नव्हती. मी उलटा फोन लावला.

‘अस्लाक, उठून उभे राहा आणि मग सांगा ठीक आहे म्हणून.’

पलीकडे लाकडं खडखडली.

‘उभं राहता येत नाही.’

‘का?’

‘रास अंगावर आली. पाय खाली अडकलाय.’

‘मग ठीक काय आहे, कपाळ माझं?’

‘तुम्ही कामात असाल. शेजारची तुरुन दुपारी अंडी द्यायला येते. बघेल ती.’

बाहेर गारठा होता, तो ओल्या बर्फात पडलेला, आणि याला आमच्या कामाची काळजी. मला संताप आला, रडूही आलं. बोलता बोलता मी रुग्णवाहिका पाठवली होती, सहकाऱ्याने तुरुनला कळवलं होतं. त्याने तोंडाने मागायची गरजच नव्हती. पण मला ते ऐकायचं होतं.

‘अस्लाक, मदत हवीय का?’

‘हो,’ तो म्हणाला. ‘ये कुणीतरी.’

तुरुन ट्रॅक्टर घेऊन सहा मिनिटांत पोचली. ती येईपर्यंत मी त्याला बोलतं ठेवलं. बर्चचं लाकूड सुकायला किती दिवस लागतात ते त्याने मला दोनदा समजावलं. खुबा मोडला होता. पाच आठवड्यांनी तो घरी आला.

त्या शनिवारी खोऱ्यातली अकरा माणसं त्याची रास नव्याने रचायला गेली, मीही. तो खुर्चीत बसून प्रत्येकाच्या रचण्याला नावं ठेवत होता. निघताना तुरुनने विचारलं, ‘उद्याही येऊ का?’

अस्लाकने अर्धवट रचलेल्या राशीकडे नजर टाकली. मग म्हणाला, ‘या. मला एकट्याला जमायचं नाही.’