आधी त्यानं थांबावं

ऐंशीच्या दशकात अमेरिका आणि रशियाचं भांडण सगळ्यात जास्त कोणाच्या मनाला लागलं असेल, तर आमच्या ह्यांच्या. हे पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नळाच्या कामावर होते. गावात पाणी यायचं दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेनं, पण रेडिओवर बातम्या लागल्या की ह्यांचं सगळं लक्ष मॉस्कोत. एका रॉकेटच्या पैशात पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत घरोघर नळ लागतील, जगातलं एक लेकरू उपाशी झोपणार नाही, असं हे मला पोळ्या लाटताना ऐकवायचे. मी म्हणायचे, अमेरिकेचं राहू द्या, आधी आपल्या नळाचा वायसर बदला. तो काही ह्यांनी बदलला नाही.

माझं माहेर सावरगाव. पांढुर्णा आणि सावरगावच्या मधात फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. सावरगाववाल्यांनी तो राखायचा, पांढुर्णेवाल्यांनी तोडून न्यायचा, आणि त्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर एकमेकांवर दगड. हीच आमची गोटमार. डोकी फुटतात, हात मोडतात, कधी माणूसही जातो. संध्याकाळी झेंडा देवीच्या देवळात पोचला की दोन्हीकडचे लोक सोबतच पाया पडतात. परगावचा माणूस हे ऐकून विचारतो, काहून? आमच्या गड्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. एका काठावर माझा नवरा, दुसऱ्या काठावर माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि मी घरी दोघांसाठी हळद-तेल गरम करून बसलेली.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षीच्या गोटमारीत भावाचा डावा डोळा गेला. दगड पांढुर्ण्याच्या काठावरून आला होता, एवढंच ठाऊक. कोणाचा, ते ना कोणी विचारलं, ना कोणी सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हा तर गेला, आता उरलेला सांभाळा. घरी म्हातारी आई, मागं संत्र्याची बाग, पाहणारा हा एकटा. वर्षभर मला दुसरं काही सुचलं नाही. पोळा जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली.

आणि ह्यांचं काय चाललं होतं? तर ह्यांना सौसरच्या एका शाळेनं भाषणाला बोलावलं होतं. विषय निःशस्त्रीकरण. हे तिकडं तासभर बोलले. बलाढ्य राष्ट्रांनी शस्त्रं वितळवून नांगर करावेत, असं सांगून टाळ्या घेतल्या आणि शाल-नारळ घेऊन बसनं परत निघाले. वाटेत एका नाल्यापाशी बस बिघडली. घरी आल्यावर मी पिशवी रिकामी केली, तर शालीत गुंडाळलेला नारळ आणि नारळाखाली मुठीत मावतील असे गुळगुळीत गोटे. मी एक गोटा उचलून ह्यांच्यापुढं धरला. हे म्हणाले, असा दगड आपल्या जाममध्ये भेटत नाही. बाई गं, बाहेरून आणलेला माल होता तो.

मग मी भांडले. घरामागं रचलेला ढीग दाखवून विचारलं, हे काय आहे? हे म्हणाले, ते संरक्षणासाठी. माहेरी जाऊन भावाला विचारलं, तर तिथंही ढीग, आणि तोही संरक्षणासाठीच. भाऊ तर ह्यांच्यापेक्षा हुशार. त्याचं म्हणणं, दोन्हीकडं ढीग मोठा असला की दोघंही वचकून राहतात, कोणी मारत नाही. मग तुझा डोळा काय आपोआप गेला का, असं मी विचारलं. तर म्हणतो, लढाईच्या नादानंच विमानं सुधारली, औषधं सुधारली, माणसाचा फायदाच झाला. आमच्या गोटमारीनं काय सुधारलं? कंपाउंडरचा टाके घालायचा हात, बस.

थांबा म्हटलं की दोघांचं उत्तर एकच. आधी त्यानं थांबावं. रेडिओवर ते दोन देशही हेच बोलून राहिले होते, फक्त सूट-बूट घालून.

मी गवंडी बोलावला. हे कामावर गेले की तो यायचा. साडी बांधून तिच्या आडोशाला आंघोळ करायचा मला कंटाळा आला होता. घरामागचा सगळा ढीग मी न्हाणीघराच्या पायव्यात घातला, नाल्यावरच्या त्या गोट्यांसकट. संध्याकाळी हे आले, न्हाणीपाशी उभे राहिले, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं ना, नांगर करा म्हणून. नांगर काही मला जमला नाही, न्हाणी जमली. भाषण आड आलं म्हणून वाचले, नाहीतर त्या दिवशी माझी काही खैर नव्हती. हे बादली घेऊन आत गेले आणि बराच वेळ आंघोळ करत बसले.

पोळ्याच्या दिवशी भावाला पुरणपोळी खायला बोलावलं. दोघं जेवून हात धुवायच्या आत मी दोघांचे उजवे हात धरले आणि माझ्या डोक्यावर ठेवले.

"म्हणा, उद्या नदीवर जाणार नाई."

ह्यांनी भावाकडं पाहिलं, भावानं ह्यांच्याकडं. मग दोघांनी एकदमच म्हटलं, "तुही शपथ, जाणार नाई."

मी रडले. आनंदानं रडले बाप्पा, खोटं कशाला सांगू. त्या रात्री मी वर्षात पहिल्यांदा ढाराढूर झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पाना घेऊन निघाले. कुठं तर म्हणे नळाची तक्रार आली. गोटमारीच्या दिवशी अख्खं गाव नदीवर, तक्रार करायला घरी होतं कोण? पण शपथ होती ना, मी विश्वास ठेवला. चार वाजता शेजारीण धावत आली. तुझ्या भावाला लागलं, दवाखान्यात नेलं, तोंडभर रक्त आहे. पायात चप्पल घालायचं भान मला राहिलं नाही.

दवाखान्यात भाऊ आडवा. उजवी भुवई फाटलेली, डोळ्याच्या जागी जांभळा गोळा. बाजूला हे उभे, सदरा रक्तानं भिजलेला. मला वाटलं, ह्यांनाही लागलं. पण ते रक्त ह्यांचं नव्हतं.

"तुम्ही काहून गेले?" मी विचारलं.

"तो येते का, तेवढं पाहाले गेलो."

पलंगावरून भाऊ पुटपुटला, "मी बी तेवढंच पाहाले आलतो, ताई."

दोघांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, म्हणजे त्या दिवशी मी दोनदा मरायला पाहिजे होते. मी ह्यांना विचारलं, दगड मारले का? हे म्हणाले, मारले. तिकडून यायला लागले, मग हात थांबत नाही. ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी भर दवाखान्यात ह्यांना नाही नाही ते बोलले. सासूबाईंनी ऐकलं असतं तर मला माहेरी पाठवलं असतं, आणि माहेर तर तिथंच पलंगावर पडलं होतं.

रात्रीच्या गाडीनं नागपूरला नेलं. डॉक्टरनं पट्टी बांधली आणि सांगितलं, सूज उतरल्याशिवाय काही बोलता येत नाही. ते दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. ह्यांनी रजा टाकली. भावाला जेवू घालणं, संडासला नेणं, सगळं हेच करायचे, माझ्याशी एक शब्द न बोलता. मीही बोलत नव्हते. आईला काय सांगायचं, बाग कोणाच्या भरवशावर सोडायची, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरनं पापणी उचलली आणि भावासमोर बोटं धरली.

"किती?"

भावानं मान पुढं काढली. मी पदर तोंडात कोंबला.

"दोन," तो म्हणाला. "मागं ताई आहे. वाळून गेली."

मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले, आता रडायचं काही कारण नाही. त्यांना काय सांगणार?

डॉक्टर गेल्यावर भावानं डोळ्याची ती लालभडक फट हळूहळू ह्यांच्याकडं वळवली. मला वाटलं, आता तो विचारणार, दगड कोणाचा होता. यंदाचा आणि मागचाही. ह्यांनाही तेच वाटलं असावं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊजी," भाऊ म्हणाला, "यंदा झेंडा कोणं नेला?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण हे आधी बोलले.

"मले मालूम नाई बा. मी नदी ओलांडून तुले उचलून आणत होतो."