जुन्या फलाटावरून

रविवारी सकाळी मी नॉटिंगहॅमहून गाडी काढायचे आणि डर्बीशरच्या डोंगरांतल्या एका नदीकाठी जायचे. तिथे पूर्वी रेल्वे होती. रूळ कधीच काढून टाकले आहेत. उरलेल्या वाटेवर बारीक खडी पसरून ती सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळी केली आहे. नवरा होता तेव्हा आम्ही दोघं जायचो. मार्चमध्ये तो गेला. तरी मी जात राहिले, कारण सांगलीला राहणाऱ्या त्याच्या आईला तो गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

हे थोरल्या दिरांनी ठरवलं. आई त्यांच्याकडे असतात, नव्वदीला टेकल्या आहेत, हृदय नाजूक आहे. "तिला हे झेपणार नाही," दीर फोनवर म्हणाले. "तू फक्त नेहमीसारखी बोलत राहा. बाकी मी बघतो." मी बरं म्हणाले. त्या आठवड्यात मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. क्रिमेटोरियममधल्या माणसाने विचारलं, शेवटी शवपेटीसमोरचा पडदा ओढायचा की उघडा ठेवायचा, त्यालाही मी बरं म्हणाले. त्याला पुन्हा विचारावं लागलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. माझ्या माहेरी एका आत्याला तिची बहीण गेल्याचं शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. ती दर दिवाळीला बहिणीसाठी एक साडी बाजूला काढून ठेवायची आणि घरातलं कुणीतरी ती पोचती केल्याचं सांगायचं.

आईंना आता दिसत नाही, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्न नव्हता. प्रश्न आवाजाचा होता. दिरांनी आईंपुरतं आधी त्याच्या घशाचं ऑपरेशन करवलं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली. मग त्याला ऑफिसतर्फे कॅनडाला पाठवलं. उन्हाळ्यात परत आणलं आणि पुढचं माझ्यावर सोपवलं. तो आईला फोन करायचा तो रविवारी, याच वाटेवरून. बोगदा आला की फोन तुटायचा, हे आईंना पाठ होतं. म्हणून मला म्हणता यायचं, ते पुढे गेलेत, बोगद्यात आहेत.

घरी सोफ्यावर बसूनही हे म्हणता आलं असतं. एकदा करून पाहिलं. जीभ उचलेना. तिथे जाऊन बोललं की निदान बोगदा तरी खरा असायचा.

सप्टेंबरमधल्या त्या रविवारी पाऊस नव्हता. आमच्या स्वतःच्या सायकली नव्हत्या. गाडीवर सायकल लादायचा त्याला कंटाळा, म्हणून आम्ही वाटेच्या तोंडाशी भाड्याने घ्यायचो. तिथली बाई आम्हाला दोन सायकलींमुळे ओळखायची. "आज एकच?" तिने विचारलं. "हो, आज एकच," मी म्हणाले. ती दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी 'आज' म्हणायचे.

वाट सपाट आहे. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून डोंगर पोखरून आणि दरीवर कमानी बांधून ती सपाट केली आहे. त्यामुळे पाय आपोआप फिरत राहतात, माणसाला त्यात लक्ष घालावं लागत नाही. बोगद्यात दिवे आहेत. छतातून पाणी ठिबकतं आणि भर दुपारीही गारठा असतो. पुढे एक कुटुंब चाललं होतं. त्यांची मुलं प्रतिध्वनी ऐकायला ओरडत होती. मी घंटी वाजवली, ते भिंतीकडे सरकले, मी थँक यू म्हणाले.

बोगदा संपतो तिथेच उंच पूल आहे. लोक कठड्याशी थांबून फोटो काढतात. खाली नदी वळण घेऊन जाते आणि दोन्ही काठांची झाडं पाण्यावर ओणवी झालेली असतात. त्या दिवशी एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून उभा होता. मीही थांबले, पाहिलं. हे सुंदर आहे हे मला कळत होतं, परीक्षेत पाठ केलेलं उत्तर कळतं तसं. मग पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

पुढे एक जुनं स्टेशन लागतं. गाडी येत नाही, पण फलाट आहे, बाकं आहेत, तिकीटखिडकीच्या जागी कॅफे आहे. सिग्नल तिथे चांगला मिळतो. मी सायकल भिंतीला टेकवली आणि फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

"कोण, सायकलवाली?" हे त्यांचं ठरलेलं. "पडलीबिडली नाहीस ना कुठे?"

"नाही."

"या वयात बायकोला सायकलवर बसवतो आणि आपण पुढे पळतो. कुठाय तो?"

"पुढे गेलेत, आई. बोगद्यात असतील."

एरवी त्या बोगद्याला नावं ठेवायच्या आणि सांगलीच्या उकाड्याकडे वळायच्या. त्या दिवशी तसं झालं नाही. मागे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला, बहुधा त्यांनीच.

"थोरला खाली गाडी धुतोय," त्या हळू म्हणाल्या. "म्हणून विचारते. तो रागावलाय का गं माझ्यावर?"

"नाही हो. असं का वाटतंय तुम्हाला?"

"मीच बोलले होते त्याला. होळीच्या आसपास. म्हटलं, आईला फोन करायचा तर चांगला बसून कर, भाजी घेता घेता केल्यासारखा काय करतोस. वेळ नसेल तर नको करूस. ते मनाला लावून घेतलंन् त्यानं. तेव्हापासून आधी घसा, मग कॅनडा, आता बोगदा. मला काय कळत नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"लहानपणापासून तसाच आहे. बोलून दाखवायचा नाही, गप्प बसायचा. पण इतके महिने कधी धरलं नव्हतं. त्याला म्हणावं, आई चुकली. एकदा बोल म्हणावं."

तो फोन झाला तेव्हा मी त्याच्या शेजारीच होते, याच स्टेशनवर. ठेवल्यावर तो हसला. "मातोश्रींचा पारा चढलाय," म्हणाला, आणि माझ्या बशीतल्या गोड पावाचा, स्कोनचा, अर्धा तुकडा उचलला. पुढच्या रविवारी घरीच बसून करू म्हणाला. पुढच्या रविवारी तो नव्हता.

एक कुत्रा येऊन माझा बूट हुंगू लागला. मालकिणीने दुरून सॉरी म्हटलं. मी हात हलवला.

"आई, बसल्या आहात ना?"

"दिवसभर बसलेलीच असते मी."

"हे रागावले नव्हते. फोन ठेवल्यावर हसत होते. मार्चमध्येच गेले ते, आई. हृदयविकाराचा झटका आला. तुम्हाला सांगितलं नाही आम्ही."

पलीकडून श्वास ऐकू येत होता, म्हणून मी थांबले.

"म्हणजे रागावला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाही."

"हसला होता."

"हो."

मग त्या रडायला लागल्या. इथे त्याच्यासाठी असं कुणी रडलं नव्हतं. शेजारी आले, ऑफिसातले आले, सगळे हलक्या आवाजात बोलले आणि जाताना दार हळू ओढून गेले. मीही रडले नव्हते. आताही काही आलं नाही. फोन कानाला धरून मी ऐकत राहिले. सायकली येत होत्या, जात होत्या.

पायऱ्या चढल्याचा आवाज आला आणि फोन दिरांच्या हातात गेला.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"तिला काही झालं असतं म्हणजे? मी इतके महिने सांभाळलं हे. तुला विचारावंसंही वाटलं नाही?"

"नाही, दादा," मी म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. भाऊ त्यांचाही गेला होता आणि तेही तसेच गप्प राहिले होते, हे मला त्या क्षणी सुचलं.

"तिला बोलू नकोस," मागून आईंचा आवाज आला, रडण्याने भरलेला. "इकडे आण तो फोन."

फोन परत गेला.

"आहेस ना?"

"आहे."

"पहिल्यापासून सांग."

मी बाकावर बसले. इथे सगळ्यांना शेवट माहीत होता, पहिल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. कुठून धरावं ते समजेना.

"त्या दिवशी सकाळी," मी म्हणाले, "त्यांनीच चहा टाकला होता."

"साखर किती?"

"दोन चमचे."

"दोन," आई म्हणाल्या. "मग?"