चंद्रावरच्या उजेडाचा दुसरा साक्षीदार

“कारणं चार असतेत, खरं येकच ऱ्हातंय,” असे म्हणून चौकशीच्या खिडकीतले काका एकेक बोट मिटत. सोनपेठची गाडी कधी येणार, एवढेच विचारणाऱ्यालाही पंक्चर, रेल्वेचे फाटक, ड्रायव्हरचा चहा आणि आठवडी बाजार ऐकून घ्यावा लागे.

ही खिडकी पाथरीच्या बसस्थानकातली. आधी ड्रायव्हर होते. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, स्टेअरिंग सुटले आणि हाती माईक आला. तपासणी चुकली, असे ते म्हणत. मी वार्ताहर, बातमीसाठी संध्याकाळी तिथे माझी चक्कर असे.

एकदा जत्रेत घेतलेल्या दुर्बिणीतून त्यांना चंद्राच्या काळ्या भागावर ठिणगी दिसली आणि विझली. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बोटे मिटली.

“आतून ग्यास सुटला आसंल. वरून दगड आदळला आसंल. धूळ उडून तिला ऊन लागलं आसंल. न्हाईतर आपल्याच हवेचा खेळ.”

अंगठा उरला. तो त्यांनी मिटला नाही. पाचवे कारण त्यांचा डोळा होते. उजेड खरा ठरला, तरच डोळा खरा ठरणार होता. त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा होता.

त्या काळात तुम्ही तिथे गाडीची वाट पाहिली असेल, तर ही घोषणा ऐकली असेल : “मानवतकडे जाणारी गाडी फलाट दोनवर लागली आहे. तसेच चंद्राच्या काळ्या बाजूला उजेड दिसल्यास प्रवाशांनी चौकशी खिडकीवर कळवावे.”

लोक कळवत. कोणाला हिरवा दिसला, कोणाला दोन दिसले. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईला तर पत्र्याच्या शेडखाली बसून स्पष्ट दिसला.

“मावशी, तिथून चंद्रच दिसत न्हाई.”

“तुमी येवढं कळवळून मागायलाव, न्हाई कसं म्हणू बाबा?”

मीही दुर्बीण धरली. काही दिसले नाही, तसे सांगितले.

“न्हाई म्हणणारे तुमी पयले,” ते म्हणाले. “भरवशाचे हाव. पर उपेग न्हाई.”

पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तपासणी चुकली, हे म्हणणे त्यांनी सोडले; उजेड सोडला नाही. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डाव्याची तारीख आली, तेव्हा ते गेलेच नाहीत. मुलगी चिडली.

“ह्यो नवा, ह्यो जुना,” त्यांनी तिला समजावले. “दोघं येगळे. दोघांनाबी दिसलं, म्हंजे उजेड चंद्रावरच हाय.”

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन ते फलाटावर आले. डेपोच्या मागे चंद्रकोर होती. त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला. रिव्हर्स घेत असलेल्या मानवतच्या गाडीच्या ड्रायव्हरने आरशात हलणारा हात पाहिला आणि थांबण्याची खूण समजून करकचून ब्रेक दाबला.

“काय झालं काका?” त्याने डोके बाहेर काढले.

“थांब,” ते वर बघतच म्हणाले. घाईघाईने त्यांनी उजवा डोळा झाकला. “नवा हो म्हणलाय. आता जुन्याला इचारतो.”

ड्रायव्हरने इंजिन बंद केले.