विमानाला उदबत्ती

विमानाची पूजा करून ते उडण्याआधीच जमिनीवर बसवणारा आमच्या नाचणगावातला मी पहिला माणूस. दुसरा अजून झालेला नाही.

आमची स्वाती वैमानिक व्हायला निघाली होती. लेखी पेपर तिनं पहिल्याच दमात काढले, पण मोठा परवाना मिळायला हवेत घालवलेले तास लागतात आणि नेमके तेच कमी पडत होते. ती जिथं शिकत होती तिथली विमानं एकामागून एक आजारी पडली, आणि शेवटी शाळेलाच कुलूप लागलं. आता दुसरी शाळा शोधायची, तिथलं विमान तासावर भाड्यानं घ्यायचं आणि उरलेले तास भरायचे. तेही मुदतीत! मुदत टळली की पास झालेले पेपर पुन्हा पहिल्यापासून. पोरगी गच्चीवर येरझारा घालत होती. तिची आई खाली पोळ्या करपवत होती. मी मधे जिन्यावर, कारण वरचं पाहवत नव्हतं आणि खालचं खाववत नव्हतं.

"बाबा, शाळा नीट पाहून निवडा लागते," स्वाती म्हणाली. "घाईत फसलो तं वर्ष गेलं माझं."

"तू कायले भेतं? मी एसटीत जिंदगी काढली. गाडी पाहताबरोबर तिची नाडी कळते मले!"

(एसटी बंद पडली तर प्रवाशांना खाली उतरवून धक्का मारायला लावता येतो, विमानाचं तसं नसतं, हा बारीक फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.)

तेवढ्यात अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जामच्या चौकात तिचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. नवा ट्रक घेऊन निघालेला ड्रायव्हर तिथं थांबतो आणि अक्काच्या हातून पूजा करून घेतो. हळद-कुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू, उदबत्ती! अक्काच्या हातची पूजा झालेला ट्रक कधी उलटत नाही, असं अक्काच सांगते. (जे उलटले त्यांनी पूजा अर्ध्यात सोडून चहा मागितला होता.)

"बबन्या, पोरगी कोणाच्याही इमानात बसन का? मी येतो संग. पयले पूजा, मंग उडणं!"

"आत्या, तिथं पूजा नाई चालत," स्वाती माझ्या फोनशी तोंड आणून कळवळून म्हणाली.

"काऊन? इमानाले चाकं नाई का?"

वर्ध्याहून गाडी केली, जामच्या चौकातून अक्काला घेतलं आणि निघालो.

पहिली शाळा पाहून मी तर गारच झालो. काचेचा दरवाजा, थंडगार ऑफिस, गेल्या गेल्या कोल्ड कॉफी! मॅनेजर कोट घालून. बाहेर पांढरीशुभ्र विमानं रांगेत उभी. अक्कानं पिशवीतून नारळ काढला तेव्हा स्वातीनं डोळे मिटून घेतले, पण मॅनेजर टाळ्या वाजवत म्हणाला, "अरे वा, ये तो शुभ होता है!" अक्कानं नारळ तिथंच आपटला. करवंटीचे तुकडे विमानाखाली उडाले, पाण्याची धार मॅनेजरच्या कोटावर गेली. त्यानं काय करावं? अक्कासोबत फोटो काढून घेतला!

"माणूस लाखाचा आहे," मी स्वातीच्या कानात म्हणालो. "इथंच पक्कं करून टाकू."

स्वाती वाकून विमानाच्या नाकातून आत पाहत होती. "बाबा, इकडं या."

मी पाहिलं. आत गवताचं घरटं, आणि घरट्यात अंडी.

"अवं बाई!" अक्का हरखली. "पाखरानं घर केलं! ह्याच्याहून शुभ काय पाह्यजे?"

"आत्या, पाखराले अंडी घालाले सवड भेटली, म्हणजे हे विमान उडते कधी?"

मॅनेजर म्हणाला, "कल निकाल देंगे, बेटा." स्वाती गाडीत जाऊन बसली. मला मात्र त्या कोल्ड कॉफीचं वाईट वाटत राहिलं.

दुसरी शाळा म्हणजे पत्र्याचं शेड. ऑफिसात पंखा, तोही कुरकुरणारा. मुख्य कॅप्टन एक बाई, केस पांढरे, आवाज करवतीसारखा. त्यांनी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. "ही आत येईल. आधी बोलेन, मग विमानात घेऊन पाहीन. बरं उडवलं तर ठेवून घेईन. तुम्ही बाकावर बसा. विमानाजवळ जायचं नाही."

आता बाकावर बसणं हा काही माझा गुण नाही. स्टँडवर गाडी लागली की मी तिच्याभोवती फिरणारा माणूस! इकडं पोरीचं भवितव्य आत ठरतंय आणि मी बाकाला चिकटून राहू?

"बबन्या, आतमंधी तिले फेल केलं तं?"

"तसं बोलू नको, अक्का!"

"मंग पूजा कर ना पटकन! पयल्या ठिकाणी केली, इथं नाई केली, तं देव काय म्हणन?"

उठलो. समोर एकच विमान तयार उभं होतं. मी सवयीनं त्याच्या चाकाला एक लाथ हाणून पाहिली. चाक ठणठणीत. अक्कानं पुढच्या पात्याला कुंकू लावलं. आणि मग मला पंखाखाली ते दिसलं. लाल फडकं! एका छोट्या नळीवर नीट बांधलेलं, खाली लाल फीत लोंबतेय. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, उडण्याआधी काढा. मी अक्काला अर्थ सांगितला.

"म्हणजे पूजेच्या टायमाले काढाचं," अक्का म्हणाली. "नाई तं लाल कायले बांधन कोणी?"

पटलं! मी फडकं काढलं. नळीच्या तोंडाला बरोबर उदबत्तीच्या काडीएवढं भोक!

"हे पाय अक्का! कंपनीनंच उदबत्तीले जागा देल्ली! विलायती लोक, पण धरम कळते त्यायले!"

उदबत्ती पेटवून खोचली. आडवी, पण काय ऐटीत बसली! आम्ही हात जोडले. "पोरीले घेतलं पाह्यजे रे देवा," मी डोळे मिटून म्हणालो.

"विझवा ते!! पंखात पेट्रोल आहे!!"

डोळे उघडले तर कॅप्टन बाई धावत येत होत्या, मागे स्वाती. मी घाबरून उदबत्ती ओढली. जळतं टोक हातात आलं, ते बुटाखाली चिरडलं. काडीचा तुकडा आत राहिला. अक्कानं झटकन अंबाड्यातला आकडा काढून दिला, मी त्यानं तुकडा काढायला गेलो, आणि तो आणखी आत गेला!

"या नळीतून विमानाला स्वतःचा वेग कळतो!" बाई गरजल्या. "ही बुजली की वर गेल्यावर वैमानिकाला काट्यावर वेग दिसत नाही!"

"मॅडम, आमच्या एसटीचा काटा तं जनमभर बंदच होता," मी त्यांना धीर द्यायला म्हणालो.

हे बोलायला नको होतं.

बाईंनी विमान थांबवलं. इंजिनिअर येऊन नळी साफ करीपर्यंत उड्डाण नाही, आणि स्वातीची परीक्षा नाही. "आणि तुम्ही सगळे बाहेर! मुलीलाही घेऊन जा!"

स्वातीचे डोळे भरले. "मॅडम, मूर्ख मी हाय. पोरीले सजा काऊन?"

तेव्हा स्वाती पुढं झाली. "मॅडम, मला इथंच उडायचंय. सकाळी दुसऱ्या शाळेत आत्यानं विमानापुढं नारळ फोडला. त्यांनी फोटो काढला. तुम्ही विमान थांबवलं. म्हणून इथंच."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या आकड्याकडं पाहिलं.

"उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "एकटी."

स्वाती पास झाली. तिचे तास आता भरत आलेत, मुदतीच्या आत! मला फाटकाच्या आत मनाई आहे, म्हणून मी बाहेर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो. पोरगी वर आणि बाप गप्प, हे मला जमत नाही. परवा विमान डोक्यावर आलं आणि मी खांद्यावरचा दुपट्टा काढून असा हलवला, असा हलवला, की विमानानं एक घिरटी घेतली आणि लगेच उतरलं! माझी छाती भरून आली.

"बाबा!" मागून आवाज आला. वळून पाहतो तर स्वाती! "काय करून राह्यले तुम्ही? माझं उडणं झालं केव्हाचं! विमानात तो नवा पोरगा होता. खालून कोणी जीव तोडून दुपट्टा हलवून राह्यला, म्हणजे आपलं चाक निखळलं असन, असं वाटलं त्याले. रडकुंडीले आला तो!"

तेव्हापासून रोज सकाळी कॅप्टन बाई पोरांना उडण्याआधी हवामान सांगतात, वारा कुठून आहे ते सांगतात आणि शेवटी म्हणतात, "फाटकाबाहेरच्या धुऱ्यावर एक माणूस दुपट्टा हलवतो. त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही."