उपडा डबा

शेजारच्या काकूंनी आज खिडकीत स्टीलचा डबा उपडा ठेवला होता. घासून निथळत ठेवलेला डबा, एवढंच. पण माझी धाकटी बहीण सुमन तो पाहून नक्की म्हणाली असती, "दादा, काकू रागावल्यात आपल्यावर."

सुमनला लहानपणापासून असंच वाटतं. कुणी पडदा ओढला, कुणी खोकलं, की त्यात तिला निरोप ऐकू येतो. तिच्या मनाची घडणच तशी आहे, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. तरी चारचौघांत मी म्हणायचो, "झालं हिचं सुरू! आज पंखा काय म्हणतोय गं?" सगळे हसायचे. तीही हसायची.

गेल्या महिन्यात तिने लाडू पाठवले. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी तीही न घालता डबा तसाच परत पाठवला. तिचा फोन आला.

"दादा, कंटाळलास ना मला?"

"काहीतरीच तुझं! विसरलो गं."

मी खोटं बोललो. तेव्हा मी खरंच कंटाळलो होतो. एरवी ती कितीदा चुकली असेल, पण त्या दिवशी तिने मला बरोबर ओळखलं होतं, आणि तिलाच खुळी ठरवून मी सुटलो.

आज माझ्या डब्यात चिवडा भरून सुमनकडे निघालोय. दारातच सांगणार आहे, "सुमे, तेव्हा कंटाळलो होतो. आज तुला भेटावंसं वाटलं म्हणून आलोय." ती माझा चेहरा न्याहाळत राहील. राहू दे. या वेळी मी नजर वळवणार नाही.